विरुपाक्ष भोंगा

“ते कानाचं गाणं माझ्या कानावर आलं, तर इथूनच उचलून नेईन,” फौजदार म्हणाले आणि खुर्ची ओढून स्टेजसमोर बसले. शेजारी हवालदार उभा राहिला. त्यांच्या मागं गणपतीच्या मांडवात अख्खी चाळ दाटीवाटीनं बसली होती. स्टेजवर विरुपाक्ष हातातला डबा चाचपत उभा होता.

आणीबाणी होती. युनियनचे दोघे मागं असेच उचलले गेले, त्यांचा अजून पत्ता नव्हता. विरुपाक्ष आत गेला तर त्याच्या म्हाताऱ्या आईला, अव्वाला, बघणारं कोणी नव्हतं. आणि ते गाणं गायलं नाही, तर उद्यापासून चाळीला तोंड दाखवायची सोय नव्हती.

त्याला सगळे भोंगा म्हणत. नाव गिरणीच्या भोंग्यावरून पडलं होतं आणि त्याला शोभतही होतं. डालड्याचा डबा बडवायचा, जोडीला मित्राचा मोडका बेंजो, अंगात मुद्दाम फाडलेला शर्ट आणि बेंबीच्या देठापासून आरडाओरडा. गाणी त्याची त्यानंच रचलेली, मालकाची आयमाय काढणारी. भजनी मंडळानं त्याला हाकललं, लग्नाच्या बँडनंही हाकललं. त्या सुमाराला तिकडं विलायतेत म्हणे अशीच फाटक्या कपड्यांतली पोरं किंचाळत होती आणि त्यांच्या तबकड्या निघत होत्या. सोलापुरात शेजारणी विचारत, पोराला बाहेरचं काही झालंय का.

अव्वाला ते ऐकू यायचं नाही. तिचं अर्धं आयुष्य गिरणीतल्या खडखडत्या मागावर गेलं आणि कान तिथंच राहिले. चाळीतली निम्मी माणसं तशीच होती. ओरडल्याशिवाय यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही, अशी विरुपाक्षाची खात्री होती. म्हणून तो इतका ओरडायचा. ते गाणंही त्यानं यांच्यासाठीच केलं होतं. कान नेलं मागानं, तोंड आमचं हाय. गिरणीच्या दारात एकदाच म्हटलं आणि बंदी आली.

त्यानं आधी दोन गणपतीची गाणी म्हटली. अगदी गुळगुळीत. माणसं जांभया द्यायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, “भोंग्या, ते म्हण की.” फौजदारांनी फक्त वर पाहिलं.

विरुपाक्षानं अव्वाकडं बघितलं. ती बायकांत पुढंच बसली होती. तिचे ओठ हलले, आवाज न करता. भ्यालास व्हय रं?

त्याला लाज वाटली, आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं डबा खाली ठेवला. माइक बाजूला सारला. मग तोंड उघडलं आणि आवाज काढलाच नाही.

मागांच्या खडखडाटात बोललेलं कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून तिथं दिवसभर ओठांवरच बोलणं चालतं. सुखदुःख, सासवांच्या कागाळ्या, सगळं. तसंच त्यानं गाणं म्हटलं, एकेक शब्द नीट, सावकाश. पहिल्या ओळीला माणसं पुढं सरकली. दुसऱ्या ओळीला एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. कडवं संपेस्तोवर मांडवभर ओठ हलत होते. आवाज मात्र कुठंच नव्हता. इतकी वर्षं घसा फोडून जे जमलं नव्हतं, ते आज जमत होतं. विरुपाक्षाला रडू येईल असं वाटलं.

आणि त्याची नजर हवालदारावर गेली.

तो बसलिंगप्पा होता. याच चाळीतला. वर्दी अंगावर आल्यापासून ओळख न दाखवता जायचा. त्याची आई गंगम्मा गिरणीत अव्वाच्या शेजारच्या मागावर होती. बोलायला लागायच्या आधीच तो ओठ वाचायला शिकला असणार. आता त्याचे डोळे विरुपाक्षाच्या तोंडावर खिळले होते. एकही शब्द त्याच्या नजरेतून सुटत नव्हता.

कान नेलं मागानं, इथवर येऊन विरुपाक्ष थांबला. पुढचे शब्द ओठांवर येईनात.

फौजदारांच्या कपाळाला आठी पडली. “बसलिंगप्पा, काय म्हणतोय रे हा?”

मांडवातले ओठ जागच्या जागी थांबले. अव्वानं शेजारणीचा हात घट्ट धरला.

“काय न्हाय, साहेब,” बसलिंगप्पा म्हणाला. “भ्यालंय ते. आवाजच फुटंना त्येचा.”

फौजदार समाधानानं हसले आणि सिगारेट पेटवायला खाली वाकले. बसलिंगप्पा तसाच ताठ उभा राहिला. त्यानं विरुपाक्षाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्याचे ओठ सावकाश हलले.

तोंड आमचं हाय.