दुसरी यादी

दर बुधवारी बाजार आटोपून कौतिकाबाई माझ्या सेतू केंद्रात येतात. त्या टेकायच्या आतच मी जिल्हा पोलिसांची वेबसाइट उघडतो. आधी अटक झालेल्यांची यादी, मग अनोळखी मृतदेहांची. चार महिन्यांपासून बेपत्ता असलेला त्यांचा मुलगा दोन्हींत नसतो.

आज पहिल्याच यादीत नाव दिसलं. वय, गाव, बापाचं नाव, सगळं जुळत होतं. गुन्हा चोरीचा. सांगावं कसं, या विचारात मी उगाच माऊस हलवत राहिलो.

"काय झालं, भाऊ?"

"मावशी, त्याला काल अटक झालीय. चोरी केली म्हणून."

"म्हणजे आहे," त्या म्हणाल्या. मग पिशवी उचलली. "आता ती दुसरी यादी नका उघडू."