उजव्या खांद्याची मिठी

"आधी रिकामं करा," डब प्रुइट म्हणाला.

हॅचरने वडिलांच्या पिस्तुलातून गोळ्या काढून बाकावर ठेवल्या. डबने तरीही स्वतः आत डोकावून पाहिलं. तो खोगिरं शिवायचा, आणि ज्यांना कोटाखाली पिस्तूल बाळगायचं असे त्यांच्यासाठी खांद्यावरचे पट्टेही. हॅचर त्याच्याच चर्चचा पाळक.

हॅचरने आपण होऊन सांगितलं. कोरीन आणि तिची मुलगी मार्चपासून चर्चच्या मागच्या खोलीत राहत होत्या. मंगळवारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. शिवी नाही, धमकी नाही. ती कुठे बसते, एवढंच त्याने सांगितलं. तिसरा बाक, खिडकीकडून दुसरी जागा.

"आणि दारावरची पाटी?" डबने विचारलं.

आत शस्त्र आणू नये, ही पाटी हॅचरनेच लावली होती. पहिल्या दिवशी कोरीनने ती दोनदा वाचली, मगच उंबरा ओलांडला. आता पाळकाच्याच काखेत पिस्तूल आहे असं कळलं तर ती राहणार नव्हती. आणि जायला तिला एकच घर होतं.

"पाटी राहू दे," हॅचर म्हणाला. "तिला कळता कामा नये, तेवढं बघा."

डबने भिंतीवरून दोन पट्टे काढले. एक अरुंद पट्टाही मध्ये टांगलेला होता, शाळकरी पोराच्या खांद्याला बसेल एवढा. तो त्याने उलटा करून भिंतीकडे वळवला.

पहिल्या पट्ट्यात पिस्तूल आडवं बसत होतं. चटकन हाती येतं, पण नळी मागे रोखलेली राहते. उपासनेच्या वेळी तुमच्या मागे कोण असतं, डबने विचारलं. गायकमंडळ, हॅचर म्हणाला. डबने तो पट्टा परत टांगला. दुसऱ्यात पिस्तूल उभं, नळी जमिनीकडे. खालचं टोक पार कमरेपर्यंत येत होतं.

बसा.

हॅचर बसला. मानेला पट्टा काचला. डबने पाठीवरची पट्ट्यांची फुली दोन बोटं खाली ओढली.

वाका.

पिस्तूल पुढे झोकांडलं. डबने खालचं टोक कमरेच्या पट्ट्याला अडकवलं आणि वजन सारखं व्हावं म्हणून उजव्या काखेत गोळ्यांची दोन पाकिटं दिली. कोट एका मापाने मोठा घ्या म्हणाला. पाळक वाळले असं वाटून बायका घरी जेवण पोचवतील, तेवढाच फायदा.

आशीर्वाद द्या.

हॅचरने नेहमीसारखे दोन्ही हात वर केले. कोट उघडला.

"एवढा आशीर्वाद नको," डब म्हणाला. "छातीपर्यंतच द्या."

मिठी मारा.

दर रविवारी उपासना संपली की हॅचर दारात उभा राहायचा, आणि गळाभेट घेतल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. त्याने डबला तशीच मिठी मारली. डबचा हात सरळ त्याच्या डाव्या काखेखाली जाऊन थांबला.

"सापडलं. तिलाही सापडेल. डावं कोपर बरगडीला लावा. उजवा खांदा पुढे. एकाच हाताने."

हॅचरने तसं केलं. उजवा खांदा डबच्या उजव्या खांद्याला टेकला आणि तो तिथेच थांबला. ही मिठी त्याच्या ओळखीची होती. गेली नऊ वर्षं डब त्याला अशीच भेटत आला होता.

"तुम्ही म्हणाला होता घोड्यावरून पडलात," हॅचर म्हणाला. "खांदा आखडलाय. मी त्या खांद्यासाठी प्रार्थना केली, डब. सगळ्यांसमोर."

"गुण आला की. कधी दुखला नाही."

"पाटी वाचली नाहीत?"

"मीच तर ठोकून दिली तुम्हाला."

हॅचरने मग विचारलं, आणखी कोण कोण. डब बक्कल घट्ट करत राहिला. एकाचं माप दुसऱ्याला सांगत नाही, म्हणाला. तुमचंही नाही सांगणार.

*

रविवारी हॅचरने छातीपर्यंत आशीर्वाद दिला आणि दारात येऊन उभा राहिला.

माणसं बाहेर पडू लागली. पहिला फार्मसीवाला. उजवा खांदा. मग शाळेच्या बसचा ड्रायव्हर. त्याचं डावं कोपर बरगडीला. मग गायकमंडळातल्या, गुडघे धरून चालणाऱ्या मिसेस ओडम. उजवा खांदा. हॅचरने आजवर हे कधी पाहिलं नव्हतं, आता त्याला दुसरं काही दिसेना. सातनंतर त्याने मोजणं सोडलं.

शेवटी कोरीन आली. ती नेहमी दोन्ही हातांनी गळ्यात पडायची, बुडणारं माणूस पडतं तशी. हॅचरने कोपर दाबून धरलं आणि उजवा खांदा पुढे केला, ती जवळ येण्याआधीच.

तीही उजव्या खांद्यानेच आली. जूनच्या उन्हात तिने जीनचं जाड जॅकेट घातलं होतं. एक हात त्याच्या पाठीवर टेकला. दुसरा तिच्या बरगडीला चिकटलेला होता.

"इथं कसं, निर्धास्त वाटतं," ती म्हणाली.

"हो," हॅचर म्हणाला.

पायऱ्यांवरून तिची मुलगी, सहा वर्षांची मेसी, परत धावत आली. दोघांच्या मधे शिरून दोघांच्याही कमरेला एकदम मिठी मारायची म्हणून तिने दोन्ही हात पसरले.

दोघंही एकेक पाऊल मागे सरले.