बंटीचा भात

बंटीचा भात गॅसवर रटरटत होता आणि निशा सासूकडे पाठ करून उभी होती. पाच महिन्यांत या घरात तांदूळ शिजला नव्हता. आताचे वाटीभर तांदूळसुद्धा शेजारच्या मृणालकडून मागून आणलेले.

जनीबाईंना साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी निशाला सांगितलं होतं, "दुपारी अर्धी वाटी भात, भरपूर वरणासोबत. तेवढा चालेल." पण रोज ती अर्धी वाटी मोजत कोण बसणार? निशाने घरी येऊन एका वाक्यात निकाल लावला. "आई, डॉक्टरांनी भात बंद केलाय."

बाळकुम गावात हे टॉवर उठायच्या आधी इथल्याच चिखलात भात लावणारी बाई ती. जनीबाई निमूट भाकरी आणि मूग खाऊ लागल्या. एकदाच म्हणाल्या, "पोट भरतं गो, पन जेवल्यासारखा वाटत नाय." निशाने ते हसण्यावारी नेलं. उलट तिला चेवच चढला. त्याच आठवड्यात तिने घरच्या कुत्र्याचा, बंटीचाही डाळभात बंद केला आणि वाटाण्या-हरभऱ्याचं, धान्य नसलेलं महागडं डॉगफूड आणलं.

बंटीचं पोट बिघडलं. आज सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, याचा भात कोणी बंद केला? तीन दिवस मऊ भात आणि मुगाच्या डाळीचं पाणी द्या."

कोणी बंद केला, ते निशाला चांगलंच ठाऊक होतं. तेव्हापासून तिची मान खाली होती.

"शिजला का बघतंय," म्हणत जनीबाई ओट्याशी आल्या. त्यांनी डावावरचा एक दाणा उचलला, दोन बोटांत चेपला. निशाला वाटलं, आता तो तोंडात जाणार. गेला असता तर तिला बरंच वाटलं असतं. जनीबाईंनी तो बंटीच्या ताटलीत टाकला आणि बोटं पदराला पुसली.

निशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते आत्ताच सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जनीबाईच बोलल्या, सुनेची मर्जी सांभाळत, हळूच.

"निशा, उद्याला मना पन याच्याच डाक्टरकरं ने गो."