पाचवी ओळ

मीटरकाकांचा हिशेब सरळ होता. एक सकाळ रांगेत घालवायची आणि महिन्याचे चार डबे फुकट घरी न्यायचे. रक्तदाबाचा आणि ॲसिडिटीचा स्वतःसाठी, साखरेचा आणि कॅल्शियमचा बायकोसाठी. सरकारी विम्याचं कार्ड त्यांच्या नावावर आणि सगळं घर त्या कार्डावर. त्यात या महिन्यापासून यादी वाढल्याची पाटी औषधांच्या खिडकीवर लागली होती. कोणती औषधं वाढली हे काकांना ठाऊक नव्हतं, पण आपल्या कार्डाचं वजन वाढलं एवढं नक्की कळलं होतं.

त्या सकाळी मुलगा सोबत आला. सव्वीस वर्षांचा, फरश्या बसवणारा, या रांगेकडे आजवर कधी न फिरकलेला.

"बाबा, तुम्ही बाकावर बसा. मी घेतो सगळं."

"का रे? काम नाही आज?"

"आहे. सहज आलो."

काका बसले नाहीत. लोकांच्या घरचे मीटर वाचण्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'सहज'चा दांडगा अनुभव असतो. मीटर सहज बंद पडतो, तार सहज सुटते.

"काय मीटरकाका, या महिन्याचं रीडिंग किती?" मागून ओळखीच्या शिंप्याने विचारलं. हा विनोद दर महिन्याला व्हायचा आणि रांग दर महिन्याला हसायची, कारण काका खिडकीपाशीच पावती मोठ्याने वाचत. जुनी सवय. आकडा घरमालकाच्या कानावर घालूनच निघायचं, म्हणजे मागाहून कटकट नाही.

औषधवाल्या बाईंनी चार डबे सरकवले, वर पावती ठेवली. मग एक तपकिरी पाकीट काढलं, तोंडाला पिना मारलेलं, आणि ते मुलाच्या बाजूला सरकवलं. मुलाने हात पुढे केला. काकांचा हात आधी पोचला.

"माझ्या कार्डावरचं ना हे?"

"काका, घरी जाऊन बघा," बाई म्हणाल्या.

"बाबा, द्या इकडे."

"अरे थांब. मोजल्याशिवाय मी दूधसुद्धा घेत नाही."

पिना निघाल्या. आत एक पांढरी डबी होती. काकांनी पावती डोळ्यांपुढे धरली आणि खणखणीत आवाजात ओळीमागून ओळ वाचायला लागले.

"रक्तदाब, तीस. ॲसिडिटी, तीस. साखर, साठ. कॅल्शियम, तीस. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या, तीस. लाभार्थी, मुलगा."

शब्द तोंडातून निघून गेले, आणि मग कुठे ते काकांच्या कानांत शिरले.

शिंपी हसला नाही. तेच वाईट होतं. रांगेतल्या एका बाईने मुलाच्या पायांजवळ ठेवलेली आपली पिशवी उचलून छातीशी धरली.

"चुकून आलंय हे," काका शिंप्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "आमच्या घरात असलं कोणी नाही."

मुलगा हातभर अंतरावर उभा होता.

"चूक नाही, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ही आजार झालेल्यांची गोळी नव्हे. होऊ नये म्हणून घेतात. शहाणपणाचंच आहे."

"आजार नाही, तर गोळी कशाला? परत घ्या."

"परत केली तर याचं नाव यादीतून जातं. पुन्हा तपासणी, पुन्हा अर्ज, तीन महिने कुठे गेले नाहीत. दवाखान्यात आधी वेगळी मिळायची, ते वाटप आता बंद झालं. आणि दुकानातून घ्यायची म्हटलं तर..." बाई काकांशी बोलत होत्या आणि बघत होत्या मुलाकडे. "कार्ड तुमचं, परत करायची तर सहीही तुमचीच. पण जरा विचार करा."

मुलाने काहीतरी बोलावं असं काकांना वाटत होतं. 'माझी नाही' एवढं जरी म्हणाला असता तरी निभावून गेलं असतं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "सही करू नका."

म्हणजे खरंच होतं. आणि रांगेनेही ऐकलं होतं.

काकांनी सही केली. मीटरच्या वहीत करत तशीच, खाली रेघ ओढून.

बाईंनी डबी उचलून मागच्या फळीवर ठेवली. पावतीवर शिक्का मारला. मुलाने चारही डबे पिशवीत भरले, पिशवी खांद्याला लावली. मग वडिलांच्या खिशाला लागलेलं खिडकीचं पेन काढून बाईंपुढे ठेवलं. "चुकून घेतलं त्यांनी," तो म्हणाला.

रस्त्यावर मुलगा पुढे, काका मागे. एरवी उलट असायचं. चौकात तो थांबला. काका गाठेपर्यंत थांबला, त्यांच्या कोपराला धरून रस्ता ओलांडून दिला आणि पलीकडे पोचल्यावर हात सोडला.

"तीन महिने म्हणाल्या ना त्या?" काकांनी विचारलं.

"हं."

"मग तोवर?"

"तोवर बघू." मुलाने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुम्ही कडेने चला, बाबा. गाड्या येताहेत."

काका कडेने चालले. थोडं चालून थांबले आणि मुठीतली पावती उलगडली. पाचव्या ओळीवर आडवी काट होती, काटेपुढे 'परत' असा शिक्का. त्याखाली छापलेली शेवटची ओळ त्यांनी वाचली, आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

कुटुंबप्रमुखाने भरलेली रक्कम, शून्य.