तीस सेकंदांच्या आत

"एकावन्न," मबरूकाने घड्याळ बघून सांगितलं.

डॉक्टर शादलींनी रंगीत चौकटींचा रुबिक क्यूब टेबलावर ठेवला आणि उजव्या हाताची बोटं चोळली. आज सलग चौथा दिवस. पन्नासच्या खाली काही केल्या येत नव्हतं. त्यांना हवं होतं तीसच्या आत.

स्फाक्स शहरात मोतीबिंदू म्हटलं की लोक डोळे झाकून यांच्याकडे यायचे. आणि दर शनिवारी हेच डॉक्टर युवक केंद्रात पोरासोरांच्या क्यूब मंडळात जाऊन बसायचे, तेही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. पोरं बारा-तेरा सेकंदांत रंग जुळवायची. यांची सर्वांत चांगली वेळ चोवीस. काका, तुमचा होईपर्यंत आम्ही चहा पिऊन येतो, असं पोरं खुशाल म्हणायची. डॉक्टर हसायचे आणि पुढच्या शनिवारी अर्धा सेकंद कमी करून दाखवायचे. माणूस मुळातच चिवट.

डिसेंबरात पक्षाघाताचा झटका आला. हलकाच. बोलणं वाचलं, चालणं वाचलं, पण उजव्या हाताची दोन बोटं रुसून बसली. पहिल्या दिवशी क्यूब जुळवायला दोन मिनिटं लागली, आणि तेवढ्यात तो दोनदा हातातून निसटला.

हात ठीक आहे, असं मोठ्या इस्पितळाने लिहून दिलं होतं. पण डॉक्टरांना तो कागद पुरेना. त्यांनी स्वतःलाच अट घातली. क्यूब पाच वेळा सोडवायचा, सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ काढून टाकायची आणि उरलेल्या तिन्हींची सरासरी धरायची, स्पर्धेत धरतात तशी. ती तीसच्या आत आली तरच डोळ्याला हात लावायचा. एप्रिलअखेर नाही आली, तर दवाखाना तरुण डॉक्टर अनीसच्या हवाली करून घरी बसायचं.

वाईट वेळ सोडा, पण चांगली कशाला काढायची, असं मबरूकाने विचारलं होतं.

"ती नशिबाची असते," डॉक्टर म्हणाले. "लोकांच्या डोळ्यांत मी नशिबावर सुरी घालू?"

मबरूका त्यांची नर्स, बावीस वर्षांपासूनची. क्यूब विस्कटायचं काम तिच्याकडे होतं. आपणच विस्कटला की बोटांना वाट आठवते, म्हणून तो नेहमी दुसऱ्याने विस्कटायचा, फोन दाखवेल तसा, रंग पुरते मिसळावेत म्हणून वीसदा फिरवून. तोवर डॉक्टर आतल्या खोलीत गरम पाण्यात हात शेकत बसायचे. मंडळात जाणं त्यांनी बंदच केलं होतं. तीसच्या आत आल्याशिवाय पोरांना तोंड दाखवणार नाही, म्हणायचे.

त्या दिवशी एकावन्ननंतर त्यांनी पुढचा डाव मागितला नाही. क्यूब खणात टाकला. मग म्हणाले, "अनीसला बोलावून घे. किल्ल्या देऊन टाकतो."

मबरूकाला भडभडून आलं. या माणसाला कामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिने फोन उचलला नाही. उद्या एकदा बघू, मग बोलावते, एवढंच ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच गाडी रुळावर आली. अठ्ठेचाळीस. त्रेचाळीस. मध्ये एकदा परत सेहेचाळीस, मग एकोणचाळीस. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसं. डॉक्टर जेवायला लागले, दाढी रोज करायला लागले, जिन्यात भेटणाऱ्याशी थट्टा करायला लागले. रंग आपसूक हाताशी येतात, अशी नवलाई मबरूकाला सांगायचे. ती म्हणायची, जुनी सवय आहे, जाते कुठे.

पाचव्या आठवड्यात सरासरी आली अठ्ठावीस पूर्णांक सात.

डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बेरीज करून पाहिली. मग रुमालात तोंड लपवून लहान मुलासारखे रडले. संध्याकाळी अख्ख्या इमारतीला बदाम घातलेला चहा पाजला. मबरूकाने मात्र एक घोटही घेतला नाही. पित्त झालंय, म्हणाली.

ऑपरेशनसाठी अकरा जण खोळंबले होते. यादीत पहिलं नाव भरतकाम शिकवणाऱ्या झुबैदाबाईंचं. त्यांचा एक डोळा केव्हाच गेलेला, उरलेल्या एकावर सगळी मदार. सकाळी डॉक्टरांनी यादी उघडली तर झुबैदाबाई दुसऱ्या नंबरवर. पहिलं नाव मबरूकाचं.

"अगं, तुझा मोतीबिंदू अजून पिकलेलासुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षं सहज थांबेल."

"मला नाही थांबायचं. बावीस वर्षं लोकांना त्या टेबलावर झोपवलंय. आता पहिला नंबर माझा." तिने अजून दोन गोष्टी मागून घेतल्या. अनीसने शेजारी उभं राहायचं, आणि तिची पट्टी सोडून डोळा तपासल्याशिवाय दुसऱ्या कुणाला घ्यायचं नाही.

झुबैदाबाईंना हे कळलं तेव्हा त्या फणकारल्या. घरच्या माणसाला आधी वाढायचं नि पाहुणा उपाशी, ही कुठली रीत, म्हणाल्या. मबरूकाने यादी तशीच ठेवली. डॉक्टरांचा मात्र ऊर भरून आला. अनीसला म्हणाले, जगात एवढा विश्वास टाकणारं एक माणूस असलं तरी पुरे.

सोमवारी सकाळी मबरूका टेबलावर आडवी झाली. डोळ्यात थेंब पडले, डोळा बधिर झाला. अनीस शेजारी येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि वाकून हळूच विचारलं, भीती वाटते का?

"तुमच्या हाताखाली कसली भीती," ती म्हणाली.

वरचा दिवा लागला. मबरूका श्वास रोखून पडून राहिली. त्या एकावन्नच्या दिवसानंतर तिने क्यूब वीसदा कधी फिरवलाच नव्हता. अठ्ठावीस पूर्णांक सातच्या दिवशी तर प्रत्येक वेळी जेमतेम आठदा.