लाटांचा आवाज

शिंपीणताईच्या मैत्रिणी सगळ्या फोनमधल्याच. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. आज व्हिडिओ कॉलवर समुद्रावरच्या सहलीचं ठरत होतं. नवरा गेल्यापासून ताईनं उंबरा ओलांडला नव्हता. यंदाही नाहीच म्हणायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

“अगं, आधी ते मशीन थांबव!” नर्सबाई नेहमीसारखी ओरडली.

“बंदच आहे.”

“मग लाटांचा आवाज कुठून येतोय?”

ताईनं खिडकी लावली, माईकही बंद केला. पडद्यावर मैत्रिणी एकदम गप्प होऊन कान देऊन ऐकू लागल्या.

“अजून येतोय. सहल तर व्हायचीय अजून, तरी आम्ही सगळ्या खिदळतोय त्यात,” नर्सबाई हळूच म्हणाली. “आणि ताई, सगळ्यांत मोठ्यानं तू. तुला हसताना आजच ऐकतेय गं.”

ताईचे डोळे कोरडे होते. मिटल्या ओठांवर मात्र खारट चव होती.