तिसरा रेणू

तिसरा रेणू काही केल्या सुटेना. पडद्यावर तो प्रथिनाच्या खाचेत जो रुतून बसला, तो बसलाच. तिने सुरुवातीची जागा बदलून पाहिली, तापमान वाढवून पाहिलं, सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून लावला. पकडीचा आकडा तोच आला आणि तिने घाईने पडदा बंद केला.

कारण ती खाच कशाची हे आता तिला तिच्या आकारावरून कळलं होतं. ते प्रथिन अडलं की माणसाचा श्वास अडला. त्याला असं घट्ट चिकटून बसणारं काहीही म्हणजे विषच, दुसरं काय?

खरं तर तिला हे कळायलाच नको होतं. या प्रयोगशाळेत हिशेब आंधळा करायचा असा दंडक होता. रेणू यायचे ते बिननावाचे. पहिला, दुसरा, तिसरा. कुणासाठी, कशासाठी, विचारायचं नाही. "उत्तर कुठलं हवंय ते कळलं की हिशेब करणाऱ्याचा हात नकळत तिकडे झुकतो," असं तिच्या मार्गदर्शक मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. तेव्हा तिला ते अगदी पटलं होतं.

ही जागा मिळाली तेव्हा दोघं नवराबायको खोलीभर नाचले होते. डॉक्टरेटसाठी चार वर्षांची शिष्यवृत्ती, आणि त्याच इमारतीच्या तळघरात त्याला रसायनं बनवायची नोकरी. अट एकच. तिचं पहिलं काम पसंतीला उतरलं की जागा पक्की. मुलाखतीला पैसे देणाऱ्यांच्या वतीने करड्या कोटातला एक माणूस बसला होता. त्याने रसायनशास्त्रातलं अवाक्षर विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "गुपित राखता येतं ना?"

आता तो माणूस आठवला की तिच्या अंगावर काटा येत होता.

वाचनालयात तिने असल्याच एका विषाच्या जुन्या अपघाताबद्दल वाचलं. आधी नाक गळायला लागतं. मग भर दिवसा अंधारून येतं. त्या बिचाऱ्या कामगारांना वाटलं, वीजच गेली. पुढचं तिला वाचवेना.

ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती तडक मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, हे कशासाठी चाललंय, एवढं तरी सांगा."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "तिघांत घट्ट कोण आणि सैल कोण, हे तू सोमवारी सांग. मग मी सांगते."

"पण मॅडम..."

"आधी उत्तर."

त्या संध्याकाळी तिला घास गिळवेना. नवऱ्याने तिच्या ताटाकडे पाहिलं. "काय गं, कॉम्प्युटर चावला की काय?"

"काही नाही रे. डोकं दुखतंय."

"तुमचं बरं असतं, बाईसाहेब. पडद्यावर विष उकळलं तरी साधा ठसका लागत नाही. इकडे आमच्या तळघरात जहाल रसायनं हाताळायची काचेची बंद पेटी एकच, आणि तिच्यावरून रोज मारामाऱ्या!"

त्याला सगळं सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो करडा कोट डोळ्यांपुढे आला आणि तिने तोंड मिटलं. नोकरी त्याचीही होती.

काम सोडून द्यावं? मग तिच्या खुर्चीवर दुसरा कुणी बसेल आणि खरं उत्तर देऊन मोकळा होईल. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होऊन पहाटे तिने ठरवलं. उत्तर द्यायचं, पण उलटं.

सोमवारी मॅडमशेजारी करडा कोट बसलेला होताच.

"घट्ट कोण?" मॅडमनी विचारलं.

"पहिला."

"आणि सैल?"

"तिसरा."

करड्या कोटाने भुवया उंचावल्या. "आम्हाला तर उलट वाटत होतं."

"तीनदा तपासलंय," ती म्हणाली. आणि ते काही खोटं नव्हतं.

"ठीक. मग तुमच्या शब्दावर विसंबतो."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "जागा पक्की समज. आता विचार काय विचारायचं ते."

एवढा धीर कुठून आणायचा? "नको, मॅडम," ती म्हणाली. "नियम तो नियम."

बसा म्हणावं पहिल्याला कवटाळून! जिना उतरताना तिला हलकं वाटलं. कुणाचा तरी जीव वाचवला होता तिने.

आठवड्याने भर दुपारी तळघरातून फोन आला.

"ऐक, आमच्या नव्या कामाचं गुपित फुटलं!" नवऱ्याने नाक ओढलं.

"सर्दी झाली का रे?"

"सकाळपासून नळ सुटलाय नुसता. ते मरू दे. करड्या कोटातले ते गृहस्थ आत्ता खाली आले होते. विषबाधेच्या इस्पितळातले डॉक्टर आहेत गं ते! विषावर उतारा शोधतायत. तो तपासायला आम्ही चिमूटभर विषं करून द्यायची. तीन."

"कुठली तीन?"

"नावं कुठे सांगतात? पहिलं, दुसरं, तिसरं. सगळ्यात जहाल ते पहिलं, म्हणून पेटी त्याला दिली. माझ्या वाट्याला तिसरं आलंय. एकदम गरीब गाय, उघड्या टेबलावर केलं तरी चालतं. वर कुणीतरी हिशेब करून सांगितलंय म्हणे. देव त्याचं भलं करो!"

"सोड ते! सोड आणि बाहेर पळ!" ती किंचाळली. तिच्या टेबलावर खिडकीतलं ऊन पसरलं होतं, डोक्यावर दिवा लख्ख जळत होता.

"अगं, ओरडतेस काय? थांब जरा," तो म्हणाला. "तुमच्याकडे दिवे आहेत का? इथले गेले वाटतं."